‘थोडं जास्त’ म्हणजे किती? बेळगाव जिल्ह्यातल्या एका संशोधनाची केस

आमच्या खानापूर तालुक्यात युनिव्हर्सिटी म्हटलं की डोळ्यापुढं येतं ते मार्कशीट, कॉन्व्होकेशनचा काळा कोट आणि फी भरायची लाइन. संशोधन म्हणजे प्रोफेसर लोकांनी प्रमोशनसाठी छापायचे पेपर, असं मी पण कित्येक वर्षं समजत होतो. मी डी.फार्म करून मेडिकल चालवतो, आठवड्यातनं दोनदा तरी कुठला ना कुठला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, येऊन सांगतो की सर ह्याची स्टडी लँसेट जर्नलमध्ये आलीय, आणि मी मान हलवून सॅम्पल ठेवून घेतो. खरं (आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, पुण्यामुंबईच्या लोकांनी सवय करून घ्या) एका स्टडीपाशी मी अडकलो ते अडकलोच, कारण ती आमच्याच जिल्ह्यात झालेली, आणि जिच्याबद्दल होती ती गोष्ट आमच्या घरात घडलेली.

१९८७ सालचं आहे. माझी धाकटी आत्ती पहिल्या बाळंतपणात गेली. कणकुंबीच्या बाजूचं गाव, आषाढातला पाऊस, तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. बाळंतपण घरीच. मूल रडलं, वार पडली, सुईण हात धुवायला न्हाणीत गेली, आज्जीनं चुलीवर चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत आत्तीचे ओठ पांढरे पडले होते. ओढ्याला पाणी, गाडी कुठली मिळणार. घरात आजपर्यंत एवढंच सांगतात, “रक्त थोडं जास्त गेलं.” थोडं जास्त म्हणजे किती, हे कुणालाच माहीत नाही, आणि आता जी केस सांगतोय ती सगळी ह्याच प्रश्नाची आहे.

आधी आत काय होतं ते बघू. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडं मिनिटाला जवळपास अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त येत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि त्यांना बंद करायला ना टाका ना पट्टी, गर्भाशयाचे स्नायूच करकचून आवळतात आणि मुठीत धरल्यासारख्या त्या वाहिन्या दाबून टाकतात. पोटावर हात ठेवला तर नारळासारखा कडक गोळा लागतो, जुन्या सुईणींना हे बरोबर कळायचं. तो गोळा ढिला राहिला की नळ उघडा राहिला. पाचशे मिलीच्या वर रक्त गेलं तर डॉक्टर लोक त्याला पीपीएच म्हणतात, हजारच्या वर गेलं तर गंभीर. आधीच अंगात रक्त कमी असलेली बाई, म्हणजे आमच्याकडच्या निम्म्या, तिला पाचशे सुद्धा झेपत नाही. भारताच्या रजिस्ट्रार जनरलच्या २००१ ते २००३ च्या आकड्यांत बाळंतपणाशी संबंधित मृत्यूंपैकी ३८ टक्के रक्तस्रावानं झालेले, आणि लाख जिवंत जन्मांमागं मरणाऱ्या आया देशात ३०१, कर्नाटकात २२८.

ह्याच्यावर औषध नव्हतं असं नाही. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, बाळ झाल्या झाल्या दंडात किंवा मांडीत दिलं की गर्भाशय आवळतं, आजही पहिला नंबर त्याचाच. खरं ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, सिरिंज लागते, देणारा हात लागतो. त्या वेळी उपकेंद्रात फ्रीज कुठला, लाइट गेली की दोन दोन दिवस पत्ता नाही. आणि बाळंतपणं उपकेंद्रात तरी कुठं होत होती, २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली फक्त ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली निघाली. बाकीची चुलीशेजारी.

माझी मोठी काकू सरकारी नर्स, एएनएम. गावात कन्नडवाले, मराठीवाले, सगळे तिला अक्का म्हणतात. तिच्या बॅगेत त्या काळी काय असायचं विचारलं तर म्हणाली, “कात्री, दोरा, ब्लेड, डेटॉल, आणि देव.”

आता संशोधन. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी आहे, मूळची पोटातल्या अल्सरची, तिनं गर्भाशय आवळतं हे नंतर लक्षात आलं. स्वस्त, फ्रीज नको, सुई नको, तोंडानं घ्यायची. मग जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ देशांतल्या हॉस्पिटलांत १८ हजारांवर बायकांवर मोठी चाचणी केली, २००१ साली छापून आली. त्यात गोळी आणि इंजेक्शन आमनेसामने. हजार मिली किंवा जास्त रक्त गेलेल्या बायका गोळीच्या गटात ४ टक्के, इंजेक्शनच्या गटात ३ टक्के. म्हणजे गोळी हरली. इंजेक्शन असेल तर इंजेक्शनच द्या, गोळी कशाला, असा त्याचा सरळ अर्थ, आणि तो बरोबरच होता.

इथंच ह्या केसमधली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे बी. एस. कोडकणी, शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी, अमेरिकेतल्या मिसूरी-कॅन्सस सिटी युनिव्हर्सिटीचे रिचर्ड डर्मन, शिकागोच्या इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या स्टेसी गेलर, ह्या लोकांनी प्रश्नच बदलला. गोळी इंजेक्शनपेक्षा चांगली का, हे हॉस्पिटलात बसून विचारायचा प्रश्न. जिथं इंजेक्शन पोचतच नाही, घरात किंवा उपकेंद्रात नर्सबाई एकटी आहे, तिथं गोळी आणि काहीच नाही ह्यात फरक पडतो का, हा बेळगाव जिल्ह्यातला प्रश्न. दिसायला एवढासा फरक, खरं कॅन्सस सिटीत बसून तो सुचला नसता आणि नुसत्या बेळगावात बसून त्याला पैसे मिळाले नसते. पैसे आले अमेरिकन सरकारच्या बाल आरोग्य संस्थेकडून आणि गेट्स फाउंडेशनकडून, आई आणि बाळांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय नेटवर्कमार्फत. बाहेरचा पैसा म्हटलं की आमच्याकडं लगेच भुवया वर जातात, त्यावर पुढं येतो.

गोळी द्यायच्या आधी एक भानगड होती. फरक पडला का बघायचं तर रक्त मोजायला पाहिजे, आणि रक्त कुणी मोजतच नव्हतं. अंदाज करायचे. किती चिंध्या भिजल्या, लुगडं किती ओलं झालं, जमिनीवर किती सांडलं, सारवलेल्या जमिनीत किती मुरलं ते तर देवालाच ठाऊक. हा अंदाज किती फसवा असतो ते बघायला मी घरीच एक उद्योग केला. दुकानातलं मेजरिंग सिलिंडर आणलं, बरोबर अर्धा लिटर आमसुलाचं पाणी केलं, चांगलं गडद, आणि मागल्या दारी ताडपत्रीवर आज्जीचं जुनं सुती लुगडं घडी घालून ठेवलं त्यावर ओतलं. मग सगळ्यांना बोलावून विचारलं किती असेल. बायको म्हणाली लिटरभर. पोरगा म्हणाला एक ग्लास. काकू, जिनं तीस वर्षं बाळंतपणं केली, ती खाली वाकली, बोटानं कापड दाबून बघितलं आणि म्हणाली, “पाव लिटर. लई लई तर तीनशे.” मी सिलिंडर दाखवल्यावर काही बोलली नाही, नळाखाली हात धरून उभी राहिली.

बेळगावच्या लोकांनी ह्यावर काढलेला उपाय इतका साधा आहे की हसू येतं. प्लास्टिकची एक शीट, बाळंतिणीच्या कमरेखाली घालायची, पट्ट्यांनी कमरेला बांधायची, खालचं टोक निमुळतं होत पिशवीसारखं पलंगाच्या कडेनं खाली सोडलेलं आणि त्या पिशवीवर मिलीच्या रेघा. बाळ आणि त्यामागचं पाणी बाहेर आलं की शीट आत सरकवायची, म्हणजे रक्तात पाणी मिसळत नाही, आणि तासभर तशीच ठेवायची, रक्त थांबलं नाही तर दोन तास. रेघ बघायची, आकडा लिहायचा. ज्या सात जणांनी ती केली त्यांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं ब्रास-व्ही. आमच्या भागात दुकानाच्या पाटीवर कन्नड किती मराठी किती ह्यावरून दगड पडतात, ह्या पिशवीवर नुसते आकडे, त्यामुळं बिचारी सुटली. नंतर ह्याच टीमनं नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप ह्यांची तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज पिशवीपेक्षा सरासरी ३३ टक्के कमी निघाला. तो अंदाज करणारे काही माझ्या पोरासारखे नव्हते, शिकलेले लोक होते. म्हणजे काकूची नजर वाईट नव्हती, नजरेनं रक्त मोजायचं कामच अवघड आहे.

चाचणी सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५, जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत. काकूचं उपकेंद्र त्यात नव्हतं, तिला ह्याचा पत्ता पण नव्हता. १,६२० बायका, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या, बाळंतपण करणारी एएनएम. चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी, ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, ८०८ जणींना अगदी तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, आणि कुठली कोणती ते ना बाईला माहीत ना नर्सला. नाळ कापल्यावर पाच मिनिटांच्या आत गोळी तोंडात. मग पिशवी आणि घड्याळ.

निकाल ऑक्टोबर २००६ मध्ये लँसेटमध्ये आला. पाचशे मिलीच्या वर रक्त गेलेल्या बायका बिनऔषधी गटात १२ टक्के, गोळीच्या गटात ६.४. हजारच्या वर गेलेल्या १.२ टक्क्यांवरून ०.२ वर. सरासरी रक्त २६२ मिलीवरून २१४ वर. ही सरासरी बघून कुणी म्हणेल ५० मिलीचा तर फरक, अर्धा कप. खरं सरासरीनं कोण मरत नाही ओ, मरतात त्या शेंड्यावरच्या, आणि शेंडाच छाटला गेला. दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा पीपीएच टळतो असा हिशेब निघाला. दुकानदार म्हणून सांगतो, माझ्या कपाटात अशी कितीतरी महागडी औषधं आहेत ज्यांचा हा आकडा शेकड्यात जातो आणि तरी लोक रोज घेतात. त्रास म्हणजे थंडी वाजून अंग थरथरणं आणि थोडा ताप, दोन्ही थोड्या वेळात जाणारं. जपायची गोष्ट एकच, पोटात जुळ्यातलं दुसरं बाळ असताना ही गोळी गेली तर घात होतो, म्हणून आधी पोट चाचपून खात्री करायची.

आता भुवया वर करायची जागा. निम्म्या बायकांना मुद्दाम बिनऔषधी गोळी दिली हे बरोबर का? मी काकूला विचारलं तेव्हा ती आधी चिडलीच, “म्हणजे आमच्या पोरींवर प्रयोग?” मग मीच तिला समजवत बसलो आणि समजवता समजवता मला पण नीट कळलं. तेव्हाची नेहमीची पद्धत म्हणजे औषध न देता वाट बघायची, त्यामुळं बिनऔषधी गटातल्या बाईचं काही काढून घेतलं नव्हतं, उलट तिच्याखाली पिशवी होती, रेघ चढताना दिसत होती, आणि दिसली की हलवता येत होतं. हे उत्तर मला पटतं. खरं पूर्ण पटत नाही, कारण ‘नेहमीची पद्धत’ वाईट का होती ह्याचं उत्तर गरिबी, तालुक्यातले रस्ते आणि रिकामी उपकेंद्रं, आणि त्या वाईटालाच माप धरून चाचणी आखली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी खोडली जात नाही. असंच काम आज करायचं तर बिनऔषधी गट ठेवताच येणार नाही, आणि तो ठेवता येणार नाही ह्याचं एक कारण हीच चाचणी आहे.

आक्षेप बाहेरूनही आले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी रक्तस्राव टाळण्यासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घातली, जिथं ऑक्सिटोसिन मिळत नाही किंवा नीट वापरता येत नाही अशा ठिकाणांसाठी. त्यावर २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी लिहिलं की गावपातळीवरचा पुरावा एवढा मोठा निर्णय घेण्याइतका भक्कम नाही, आणि गोळीच्या नादात सरकारं दवाखाने आणि माणसं द्यायचं टाळतील. पहिल्या मुद्द्यावर मी काय बोलणार, दुसरा मात्र मला आमच्या भागात राहून शंभर टक्के कळतो. गोळी दिली की झालं, मग फ्रीज कशाला, मग सिस्टरची जागा भरायची घाई कशाला, असा विचार करणारे साहेब सगळीकडं असतात. शिवाय ह्या गोळीनं गर्भपातही होतो म्हणून तिच्यावर नजर असते, तपासणी नको म्हणून कित्येक मेडिकलवाले ती ठेवतच नाहीत. खोटं कशाला बोलू, मीही बरीच वर्षं ठेवत नव्हतो.

आणि आया मरायच्या कमी झाल्या त्या ह्या गोळीनंच, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. देशाचा तो ३०१ चा आकडा २०१८-२० मध्ये ९७ वर आला, कर्नाटकाचा २२८ वरून ६९ वर. त्यात २००५ ची जननी सुरक्षा योजना आहे, आशा ताई आहेत, कर्नाटकात २००८ मध्ये सुरू झालेली १०८ ची गाडी आहे, दवाखान्यातली बाळंतपणं ८८.६ टक्क्यांवर गेली ते आहे, रस्ते आहेत, मोबाइल आहेत. गोळीचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही. संशोधनाचा फायदा मोजताना युनिव्हर्सिट्या हीच लबाडी करतात, सगळं श्रेय आपल्या ब्रोशरमध्ये ओढून घेतात, त्यामुळं खरी गोष्ट पण जाहिरात वाटायला लागते.

ज्याचा वाटा स्पष्ट दिसतो ती पिशवी. मला विचाराल तर बेळगावनं जगाला दिलेली मोठी वस्तू गोळी नाही, पिशवी आहे. गोळी आयती होती, कुणीतरी तपासली असतीच. मोजायची सवय आयती नव्हती. पुढं २०२३ मध्ये बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या पुढाकारानं केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत मोठा अभ्यास झाला, त्यात अशाच रेघांच्या पिशवीनं रक्त मोजायचं आणि रेघ ओलांडली की मालिश, औषधं, सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू करायचं, एकेक करून वाट बघत नाही बसायचं, असं ठरवलं. गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोटाचं ऑपरेशन किंवा मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. आधी नेहमीच्या पद्धतीत जवळपास निम्मे पीपीएच लक्षातच येत नव्हते, पिशवीनं ९३ टक्के पकडले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं पिशवी वापरायची शिफारस केली. वीस वर्षं गेली मध्ये. आमच्याकडं एका पुलाला तेवढी लागतात, तेव्हा मी काही बोलत नाही.

बेळगावची टीम पण तिथं थांबली नाही. रक्तस्राव टाळणाऱ्या, गर्मीत न बिघडणाऱ्या कार्बेटोसिन इंजेक्शनची १० देशांतली चाचणी २०१८ मध्ये आली, तीत बेळगाव होतं. गरोदरपणी लहान डोसच्या ॲस्पिरिननं वेळेआधीची बाळंतपणं थोडी कमी होतात हे २०२० मध्ये आलं, तीत होतं. कळा सुरू झाल्यावर ॲझिथ्रोमायसिन ह्या अँटिबायोटिकचा एकच डोस दिला तर आईला सेप्सिस (अंगभर पसरणारं इन्फेक्शन) होण्याचं किंवा तिच्या मृत्यूचं प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर येतं, हे २९ हजारांवर बायकांच्या चाचणीत २०२३ ला दिसलं, तीत बेळगाव आणि नागपूर दोन्ही होती, आणि बाळांच्या इन्फेक्शनमध्ये मात्र फरक पडला नाही हेही त्यांनी लपवलं नाही. काँगो, झांबिया, ग्वाटेमाला, पाकिस्तान आणि आमचं बेळगाव एकाच तक्त्यात शेजारी शेजारी. सीमावादावरून इथं अधूनमधून बंद पुकारतात, आणि त्याच बंदच्या दिवशी कुठल्यातरी उपकेंद्रात कुणीतरी त्या तक्त्यातली एक ओळ भरत असणार, असं मला उगाच वाटत राहतं.

हे सगळं वाचून झाल्यावर पिशवीचा फोटो मी काकूला मोबाइलवर दाखवला. चष्मा कपाळावर सारून तिनं तो दोन बोटांनी मोठा केला, रेघा वाचल्या, शंभर, दोनशे, पाचशे. मग आत जाऊन ट्रंकेतनं तिची जुनी डायरी घेऊन आली, सरकारी रजिस्टर वेगळं, ही तिची स्वतःची. प्रत्येक बाळंतपणाची एक ओळ, तारीख, घर, मुलगा की मुलगी, वार कधी पडली, आणि शेवटी एक शब्द. ‘ठीक.’ ‘ठीक.’ ‘ठीक.’ ‘थोडं जास्त.’ ती बोट फिरवत खाली खाली गेली, एका ओळीपाशी थांबली, म्हणाली, “ही वाचली. बैलगाडीनं खानापूरला नेली.” आणखी दोन पानं उलटली. “हिच्यापुढं पण थोडं जास्तच लिवलंय बघ.”

मी विचारलं नाही ती वाचली का. तिनं डायरी मिटली आणि मला म्हणाली, त्या पिशवीला किती पडतात बघ की रे दुकानात.